गणपतीच्या व्हिडिओत पट्टे का येतात आणि खिडकीपाशी चेहरा काळा का पडतो

गेली वीसेक वर्षं मी ठाण्यात मुंजी, बारशी, साखरपुडे आणि लग्नं यांचे फोटो आणि व्हिडिओ काढतोय. राहायला नौपाड्यात. त्यामुळे गणेशचतुर्थीच्या संध्याकाळी आमच्या इमारतीत कुणाच्या ना कुणाच्या फोनचं काहीतरी बिनसतं आणि माझं दार वाजतं. यंदा चौथ्या मजल्यावरचे काका आले. मुलाने मागच्याच महिन्यात घेऊन दिलेला नवा फोन, खोक्यावर ठळक अक्षरात २०० मेगापिक्सेल लिहिलेलं. "हे बघ जरा," म्हणाले, "दुकानात परत द्यावा का?"

त्यांनी तीन गोष्टी दाखवल्या. आरतीच्या व्हिडिओत काळसर आडवे पट्टे हळूहळू वर सरकत होते. दुपारी काढलेल्या फोटोत बाप्पाचा चेहरा काळवंडला होता आणि मागची खिडकी पांढरीफटक झाली होती. तिसरा फोटो काकांच्या आईचा. आजींचं वय ८४, हिरवी नऊवारी, नाकात नथ, मूर्तीशेजारी खुर्चीत बसलेल्या. त्यांचा एक गाल निळसर दिसत होता, दुसरा नारिंगी.

फोन उत्तम होता. तिन्ही दोष उजेडाचे होते, आणि तिन्ही पैसे न खर्चता सुटण्यासारखे. अडचण एकच होती. प्राणप्रतिष्ठा झाली होती, म्हणजे मूर्ती विसर्जनापर्यंत जागची हलणार नव्हती. मला ही अडचण फार मोलाची वाटते, कारण फोटो बिघडला की आपण समोरच्या माणसाला "जरा इकडे बघ, जरा तिकडे हो" म्हणत राहतो आणि उजेडाकडे बघतच नाही. मूर्ती हलवायची नाही म्हटल्यावर उजेडाचाच विचार करावा लागतो.

लोकलचा दरवाजा

ठाणे स्टेशनात लोकल थांबते तेव्हा डब्यात किती माणसं चढणार हे कशावर ठरतं? दरवाजा किती रुंद आहे, गाडी किती वेळ थांबली आणि फलाटावर गर्दी किती आहे, यावर. कॅमेऱ्यात उजेड असाच चढतो. दरवाज्याच्या रुंदीला ॲपर्चर म्हणतात आणि थांबण्याच्या वेळेला शटर स्पीड. फलाटावरची गर्दी म्हणजे खोलीतला उजेड. पुरेशी माणसं चढली तर फोटो नीट, कमी चढली तर काळा, फार चढली तर पांढराफटक.

मोठ्या कॅमेऱ्यात दरवाजा लहानमोठा करता येतो. त्याचा आकडा उलटा चालतो: आकडा लहान तितका दरवाजा मोठा, आणि एफ २ वरून एफ २.८ वर गेलात की आत येणारा उजेड निम्मा होतो. बहुतेक फोनमध्ये मात्र दरवाजा एकाच मापाचा, कायमचा उघडा असतो. म्हणून फोनच्या हातात उरतो थांबण्याचा वेळ. भर उन्हात तो सेकंदाचा हजारावा भाग किंवा त्याहून कमी थांबतो, संध्याकाळी घरात तिसावा भाग, कधी पंधरावा. गाडी जास्त वेळ थांबवण्याची किंमत अशी की तेवढ्या वेळात जे हललं ते पुसट होतं. आरतीचं तबक फिरवणारा हात, टाळ वाजवणारी मुलं, सगळं फिसकटतं. मूर्ती मात्र स्वच्छ येते, कारण ती हललेली नसते.

एवढं करूनही उजेड पुरला नाही तर फोन तिसरा उपाय करतो: आलेल्या थोड्या उजेडाचा आवाज वाढवतो. याला आयएसओ म्हणतात. मंडपातल्या माइकवर कुणी हळू बोलत असेल आणि आपण भोंग्याचा आवाज वाढवला, तर शब्दांबरोबर खरखरही वाढते. रात्रीच्या फोटोत गालांवर आणि भिंतीवर जे रंगीत कण दिसतात ती हीच खरखर. मग फोनच ती खरखर पुसायला जातो, त्यात त्वचेचं पोतही पुसलं जातं आणि आजींचा चेहरा मेणाचा दिसायला लागतो.

मेगापिक्सेलच्या आकड्याने यातलं काहीच बदलत नाही. फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारा तुकडा, साधारण करंगळीच्या नखाएवढा. त्याचे २० कोटी टिपके केले (२०० मेगापिक्सेल म्हणजे हेच) की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा उजेड अगदीच चिमूटभर. म्हणूनच २०० मेगापिक्सेलचे फोन एरवी १६ टिपके मिळून एक टिपका करतात आणि आपल्या हातात साडेबारा मेगापिक्सेलचा फोटो ठेवतात. यात फसवणूक काही नाही. उजेड कमी असेल तर वेगळं करण्यासारखंही काही नसतं.

खिडकीपाशी चेहरा काळा का पडतो

काही सोसायट्यांत पाण्याचं बिल सगळ्या फ्लॅटमध्ये सारखं वाटतात. एका घरात एकटी बाई राहते, दुसऱ्यात सात जण, पण हिशेब सरासरीचा. कॅमेऱ्याचा उजेडाचा हिशेब मुळात असाच आहे. समोर काय आहे हे त्याला ठाऊक नसतं. तो एवढंच धरून चालतो की सगळं दृश्य एकत्र कालवलं तर मध्यम राखाडी रंग यायला हवा. छायाचित्रणात त्यासाठी पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के उजेड परत फेकणारा राखाडी रंग प्रमाण मानतात.

काकांचं मखर खिडकीसमोर होतं. फ्रेममध्ये निम्मी खिडकी आली. सरासरी फार उजळ निघाली म्हणून फोनने सगळंच अंधारलं, आणि आधीच सावलीत असलेला बाप्पाचा चेहरा पार बुडाला. उलटंही घडतं. काळ्या पाषाणाच्या विठ्ठलमूर्तीचा फोटो राखाडी, धुरकट का येतो? समोर सगळा काळा दगड, सरासरी फार काळी, म्हणून फोन उजेड वाढवतो आणि विठ्ठलाचा सावळेपणाच घालवून बसतो. पांढरी रांगोळी, पांढरं धोतर, पांढरा लग्नाचा शेला मळकट येतात तेही याच हिशेबाने.

इलाज बोटावर आहे. ज्याचा चेहरा नीट हवा त्याच्या चेहऱ्यावर पडद्यावर बोट दाबून धरा. फोन तेवढ्याच भागाचा हिशेब करतो आणि बहुतेक फोनमध्ये तो हिशेब तिथेच पक्का होतो. शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह किंवा पट्टी येते. ती वर ओढली की उजेड वाढतो, खाली ओढली की कमी होतो. विठ्ठलासाठी खाली ओढायची, पांढऱ्या रांगोळीसाठी थोडी वर.

"पण हल्लीचे फोन हे आपोआप करतात ना?" बरंचसं करतात. एका क्षणात कमीजास्त उजेडाचे अनेक फोटो घेऊन फोन ते एकमेकांत मिसळतो, त्यामुळे खिडकीही थोडी वाचते आणि चेहराही. एचडीआर म्हणतात ते हेच. पण सावली उचलून उजळ केलेला चेहरा आणि मुळात उजेड पडलेला चेहरा एकसारखे दिसत नाहीत. पहिल्यात सगळं सपाट असतं. गालाचा गोलवा, नथीची चमक, डोळ्यातला ठिपका उजेड पडल्याशिवाय येत नाही.

मोदकावर करून बघा

हे मी माझ्या भाचीला शिकवलं ते मोदकावर. तुम्हीही करा, पाच मिनिटं लागतात. ताटलीत एक उकडीचा मोदक ठेवा, खोली अंधारी करा आणि दुसऱ्या फोनची टॉर्च घ्या.

आधी टॉर्च कॅमेऱ्याच्या अगदी शेजारून समोरून मारा. मोदक एक पांढरा गोळा दिसेल, कळ्या जवळपास नाहीशा. फ्लॅश मारल्यावर माणसांचे चेहरे असेच पापडासारखे सपाट होतात. आता टॉर्च हळूहळू बाजूला न्या. एकेक कळी उठून यायला लागते, कारण प्रत्येक कळीची एक बाजू उजळते आणि दुसरीवर सावली पडते. टॉर्च मोदकाच्या मागे नेली की कडा चमकतात, वरून वाफ येत असेल तर ती दिसायला लागते आणि उकड अर्धपारदर्शक दिसते. मोदक तोच, कॅमेरा तोच, फक्त उजेडाची दिशा बदलली.

आता टॉर्च पुन्हा बाजूला आणा आणि तिच्यापुढे, वीतभर अंतरावर, एक पातळ पांढरा कागद धरा. मोदकाच्या मागे पडलेली कापल्यासारखी सावली विरघळते, तिची कड मऊ होते. कारण आता मोदकावर उजेड टाकतोय तो अख्खा कागद, टॉर्चचा ठिपका नव्हे. उजेडाचा उगम जितका मोठा दिसतो तितकी सावली मऊ. 'दिसतो' हा शब्द महत्त्वाचा. सूर्य प्रचंड आहे, पण इतका लांब की आकाशात त्याची रुंदी जेमतेम अर्धा अंश भरते, म्हणून उन्हाच्या सावल्या धारदार. ढग आले की सगळं आभाळच दिवा होतं. पावसाळ्यातल्या ढगाळ सकाळी काढलेले चेहरे सुंदर येतात ते त्यामुळे. वातावरण मळभट आहे म्हणून फोटो टाळू नका, उलट तेव्हाच माणसांना गॅलरीत बोलवा.

शेवटची गंमत. मोदकाच्या दुसऱ्या बाजूला, जिथे सावली आहे तिथे, एक पांढरी कार्डशीट उभी धरा. सावलीतल्या कळ्या हळूच उजळतील. शूटिंगच्या सेटवर वर्षानुवर्षं हेच काम थर्माकोलचे पत्रे करत आले. घरी स्टेशनरीच्या दुकानातली कार्डशीट पुरते, किंवा दोरीवर टाकलेली पांढरी चादर. गडद रंगाच्या भिंतीशेजारी बसलेल्या माणसाला याचा सर्वांत जास्त फायदा होतो.

अंतराचाही एक नियम आहे. छोट्या दिव्यापासून माणूस दुप्पट लांब गेला तर त्याच्यावरचा उजेड निम्मा होत नाही, चौथाई होतो. तिप्पट लांब गेला तर नववा हिस्सा. म्हणून फोनचा फ्लॅश चार फुटांवर चेहरा भाजून काढतो आणि पंधरा फुटांवर त्याचा काही उपयोग नसतो. गडकरी रंगायतनच्या बाल्कनीत बसून रंगमंचाचा फोटो फ्लॅश मारून काढणारे बघितले की मला राहवत नाही. तो फ्लॅश पुढच्या दोन रांगांतल्या डोक्यांवर संपतो, वर नटाचं लक्ष विचलित होतं. तो बंदच ठेवा. रंगमंचावर पुरेसा उजेड असतो.

"आरती तर संध्याकाळी असते, तेव्हा खिडकीतून कुठला उजेड?" रास्त प्रश्न. तेव्हा दिवा थेट माणसावर मारण्याऐवजी पांढऱ्या भिंतीवर किंवा छतावर मारा. टेबललॅम्पचं तोंड वर केलं की छताचा तेवढा भाग खिडकीसारखा उजेड देऊ लागतो. ही युक्ती आपल्याकडे एका मोठ्या माणसाने रुजवली. 'अपराजितो' (१९५६) या सत्यजित राय यांच्या चित्रपटात बनारसच्या घराचं अंगण कलकत्त्याच्या स्टुडिओत उभारलं होतं. तशा अंगणात उजेड वरच्या मोकळ्या आभाळातून झिरपतो. छायाचित्रकार सुब्रत मित्र यांनी सेटच्या वर पांढरं कापड ताणून दिव्यांचा उजेड त्यावर मारला आणि तो परतून खाली येऊ दिला. पडद्यावर ते अंगण स्टुडिओतलं वाटत नाही. आपल्या वन बीएचकेत छत आयतंच पांढरं असतं.

अर्धा चेहरा निळा, अर्धा नारिंगी

उजेडाला रंग असतो, आपल्याला तो जाणवत नाही एवढंच. समईखालचा पांढरा कागद आणि ट्यूबखालचा पांढरा कागद डोळ्यांना दोन्हीकडे पांढराच दिसतो, कारण मेंदू तेवढं जुळवून घेतो. कॅमेऱ्यालाही ते जुळवून घ्यावं लागतं. त्या जुळवणीला व्हाइट बॅलन्स म्हणतात, आणि उजेडाचा रंग केल्विन या एककात मोजतात. समईची ज्योत सुमारे १,९०० केल्विन, जुना पिवळा बल्ब २,७००, दुपारचं ऊन ५,५००, ढगाळ आभाळ ६,५०० च्या आसपास. आकडा लहान तितका उजेड नारिंगी, मोठा तितका निळसर. एलईडीच्या खोक्यावर हाच आकडा छापलेला असतो. 'कूल डेलाइट' म्हणजे ६,५००, 'वॉर्म व्हाइट' म्हणजे २,७०० किंवा ३,०००.

काकांच्या हॉलमध्ये छताला ६,५०० ची ट्यूब होती, आजींच्या उजव्या हाताला समई आणि मखराला पिवळ्या दिव्यांची माळ. फोनने मधला कुठलासा रंग धरला आणि आजींचा एक गाल निळा, एक नारिंगी झाला.

"ॲपमध्ये नंतर रंग ठीक करता येतो की." सगळ्या फोटोवर एकाच रंगाची छटा असेल तर सहज करता येतो. दोन रंग मिसळले असतील तर नाही, निळा घालवला की नारिंगी आणखी भडकतो. त्यामुळे खोलीत एका वेळी एकाच जातीचा उजेड ठेवा. समई आणि पिवळी माळ ठेवायची असेल तर ट्यूब बंद करा, लागलाच तर पिवळा एलईडी लावा. दिवसा खिडकीचा उजेड घ्यायचा असेल तर घरातले बाकी दिवे बंद करा आणि समई लांबून छोटीशी दिसू द्या.

स्वस्त एलईडीत आणखी एक उणीव असते. त्यांच्या उजेडात लाल रंगाचा भाग तोकडा असतो, म्हणून हळदीकुंकवाचं कुंकू विटकं आणि चेहरे फिकट, आजारी दिसतात. खोक्यावर सीआरआय हा आकडा बघा. तो ९० किंवा जास्त असेल तर रंग खरे दिसतात. बल्ब थोडा महाग पडतो. घरात एकच असा घ्या आणि देवघराशेजारी लावा.

आरतीच्या व्हिडिओतले पट्टे

आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, म्हणजे तिचा प्रवाह सेकंदाला ५० वेळा पुढेमागे होतो. प्रत्येक फेरीत तो दोनदा शून्यावर येतो. जुन्या बल्बची तार तेवढ्यात गार होत नसे, म्हणून उजेड जवळपास एकसारखा राही. एलईडी मात्र प्रवाह थांबला की लगेच विझतो. चांगल्या एलईडीच्या आतलं सर्किट हा चढउतार सपाट करतं, स्वस्तात ते नसतं. असा दिवा सेकंदाला १०० वेळा लखलखतो. डोळ्यांना कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं.

कारण फोनचा सेन्सर सगळं दृश्य एकदम टिपत नाही. पुस्तक वाचावं तसा वरून खाली एकेक ओळ टिपतो. तुम्ही पान वाचत असताना कुणी भराभर दिवा चालूबंद करत असेल, तर काही ओळी उजेडात वाचल्या जातील, काही अंधारात. व्हिडिओतले पट्टे म्हणजे अंधारात वाचल्या गेलेल्या ओळी. ते सरकतात कारण फोन साधारणपणे सेकंदाला ३० चित्रं घेतो आणि १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही. प्रत्येक चित्रात अंधाऱ्या ओळी थोड्या पुढे गेलेल्या असतात.

काकांकडे पट्टे का आले, माझ्याकडे का नाही? मखराच्या माळा इतक्या लखलखीत होत्या की फोनने थांबण्याचा वेळ फारच कमी केला. लोकल इतकी कमी थांबली की कधी भरलेल्या फलाटावर दार उघडलं, कधी रिकाम्या. मी प्रत्येक ओळीला पुरेसा वेळ थांबवतो, म्हणजे दिव्याच्या पूर्ण लखलखाटांची बेरीज प्रत्येक ओळीच्या वाट्याला सारखी येते.

त्यासाठी शटर स्पीड १/५०, म्हणजे सेकंदाचा पन्नासावा भाग, ठेवा आणि व्हिडिओ सेकंदाला २५ चित्रांचा. बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये व्हिडिओच्या 'प्रो' विभागात हे करता येतं. आयफोनच्या सेटिंग्जमध्ये कॅमेरा, मग रेकॉर्ड व्हिडिओ, तिथे 'शो पाल फॉरमॅट्स' सुरू केलं की २५ चा पर्याय येतो. काही फोनमध्ये 'अँटी-फ्लिकर' असतं, त्यात ५० हर्ट्झ निवडा. १/१०० वरही पट्टे सहसा जातात. पण काही स्वस्त माळा सेकंदाला ५० वेळाच लखलखतात आणि तिथे १/१०० पुरत नाही, म्हणून मी १/५० लाच चिकटून राहतो. शिवाय २५ चित्रांच्या व्हिडिओला १/५० वर हालचालही डोळ्यांना सहज वाटते, टाळ्यांचे हात तुटक दिसत नाहीत.

इंटरनेटवरचे कित्येक शिकवणीचे व्हिडिओ १/६० सांगतात. ते चुकीचं नाही, पण तो सल्ला अमेरिकेसारख्या ६० हर्ट्झच्या देशांसाठी आहे. आपल्याकडे १/६० वर पुसट पट्टे राहतातच. आणि घरातल्या एलईडीखाली स्लो मोशन टाळा. त्यात प्रत्येक चित्राला मिळणारा वेळ इतका तोकडा असतो की सगळा व्हिडिओ फडफडतो. ते दिवसाउजेडी गॅलरीत करा.

हे सगळं करूनही एखादी माळ पट्टे देतच असेल, तर तिचं सर्किट वेगळ्याच गतीने दिवा चालूबंद करतंय असं समजा आणि आरतीपुरती ती माळ बंद ठेवा. समई असतेच.

मग मोठे कॅमेरे कशाला?

हा प्रश्न मला ग्राहक विचारतात तेव्हा मी आडपडदा ठेवत नाही. खिडकीशेजारी बसलेल्या आजींसाठी फोन पुरतो. रात्री आठच्या लग्नात, मंद दिव्यांच्या हॉलमध्ये, अक्षता उडत असतानाचा क्षण फोनला झेपत नाही. माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा आहे, फोनच्या सेन्सरच्या दहापट किंवा जास्त क्षेत्रफळाचा. दरवाजाही मोठा उघडतो. उजेड कमी आणि हालचाल जास्त, अशा ठिकाणी याला पर्याय नाही.

तसंच ठाणे खाडीतले फ्लेमिंगो. २०१५ साली अभयारण्य आणि २०२२ साली रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झालेल्या या खाडीत ऐरोलीहून होडीतून जाणारे कित्येक जण फोनवर झूम करून पक्षी काढतात आणि हाती गुलाबी ठिपके येतात. फोनच्या खऱ्या भिंगापलीकडचं झूम म्हणजे नुसतं कातरून मोठं करणं. तिथे लांब भिंगच हवं. ते नसेल तर पक्ष्यांऐवजी खाडी, कांदळवन आणि थव्याची रेघ असा रुंद फोटो घ्या, तो फोनवर छान येतो.

एक चूक मात्र महागड्या फोनवालेही करतात, चेहऱ्याच्या फार जवळ जातात. हातभर अंतरावरून नाक मोठं आणि कान मागे गेलेले दिसतात. हा भिंगाचा दोष नाही, अंतराचा आहे. चार-पाच पावलं मागे जा आणि मग २एक्स, म्हणजे दुप्पट झूम, दाबा. माणूस आपल्याला रोज दिसतो तसा दिसेल.

बाहेर, उन्हात

मे महिन्याच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस ठाण्यात दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो, शून्य सावलीचा दिवस म्हणतात तो. त्या सुमारास दुपारी काढलेल्या फोटोत डोळ्यांच्या खोबणी काळ्या होतात. झाडाखाली किंवा इमारतीच्या पोर्चमध्ये, सावलीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून उभं राहा. एवढ्याने काम होतं.

संध्याकाळचं सोनेरी ऊन आपल्याकडे फार टिकत नाही, कारण या अक्षांशावर सूर्य बराचसा सरळ खाली उतरतो. उपवन तलावावर तर ते आणखी लवकर जातं. येऊरचे डोंगर पश्चिमेला आहेत, सूर्य त्यांच्यामागे गेला की तलाव सावलीत येतो. लोक तेव्हा "ऊन गेलं" म्हणून फोन खिशात टाकतात. मी तेव्हा कामाला लागतो. डोक्यावरचं आभाळ अजून उजळ असतं, तेच मोठा मऊ दिवा होतं, कुणी डोळे बारीक करत नाही. ही पंधरा-वीस मिनिटं मी साखरपुड्याच्या जोड्यांसाठी राखून ठेवतो. तलावपाळीला सूर्यास्तानंतरची काही मिनिटं तशीच, आभाळ गडद निळं आणि पाण्यात दिव्यांची रांग. पूर्ण काळोख झाला की आभाळ नुसतं काळं येतं, म्हणून उशीर करू नका.

पुन्हा चौथ्या मजल्यावर

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी काकांकडे गेलो. मखरामागच्या खिडकीचा जाड पडदा ओढला, ट्यूब बंद केली. उजवीकडे बाल्कनीचं दार होतं, त्याच्यासमोर वाळत घातलेले कपडे काढायला सांगितले आणि दार सताड उघडलं. आजींची खुर्ची मूर्तीच्या बाजूला, त्या दाराकडे किंचित तोंड करून ठेवली. डावीकडे नातीने कार्डशीट धरली. काकांना पाच पावलं मागे नेलं, २एक्स दाबायला लावलं, आजींच्या गालावर बोट दाबून धरायला सांगितलं. माझा कॅमेरा मी पिशवीतून काढलाच नाही.

"इकडे बघू का?" आजींनी विचारलं. म्हटलं, नको, बाप्पाकडे बघा.

फोटोत नऊवारी हिरवी होती. कपाळावरच्या रेघा, नथीतला लाल खडा, हातावरच्या शिरा, सगळं होतं. आजींनी फोन डोळ्यांजवळ धरून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "सोंडेची वळणं किती सुरेख काढलीत मूर्तिकाराने. रोज हात जोडते, पण बघितली आत्ता."

त्या साडेबारा मेगापिक्सेलच्या फोटोची बारा बाय सोळा इंची प्रत काकांनी विसर्जनाच्या आधीच छापून आणली. ती कुठे लावायची हे विचारायला मात्र त्यांनी पुन्हा माझं दार वाजवलं. बाल्कनीच्या दारासमोरची भिंत नको म्हणालो, काचेवर उजेड चमकेल. दाराशेजारच्या भिंतीवर लावली.